छायाचित्रातील चेहरा : टचिंगची कला संगणकावर

घरातील वडीलधारे माणूस निवर्तले की दशक्रियेच्या आत त्याचा एक फोटो मोठा करून चौकटीत बसवावा लागतो. अशा वेळी घरात शोधाशोध सुरू होते आणि पुष्कळदा असे आढळून येते की, ज्या व्यक्तीने साठ-सत्तर वर्षांचे आयुष्य कष्टात काढले तिचा एकटीचा असा फोटोच कधी काढलेला नाही. लग्नाच्या समूहचित्रात मागच्या रांगेत अर्धवट दिसणारा चेहरा, बँकेच्या पुस्तकावर चिकटवलेला आणि शिक्का उमटलेला लहानसा फोटो, किंवा पावसाच्या गळतीने डागाळलेली एखादी जुनी प्रत, एवढेच साहित्य हाती लागते. ते घेऊन घरची मंडळी तालुक्याच्या गावी स्टुडिओत जातात आणि परवापर्यंत फोटो हवा, असे सांगून परततात.

पुढचे काम स्टुडिओतील कारागिराचे. त्याने सिद्ध केलेली तसबीर त्या घराच्या भिंतीवर पुढील तीस-चाळीस वर्षे राहणार असते. ज्या नातवंडांनी आजीला पाहिलेले नसते, त्यांच्या लेखी तसबिरीतील चेहरा हाच आजीचा चेहरा ठरतो. कारागिराचा हात थोडा अधिक चालला तर भिंतीवर आजीऐवजी भलतीच बाई येऊन बसते. आणि एकदा हार चढल्यावर ‘ही आजी वाटत नाही’ असे म्हणण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही.

छायाचित्रातील दोष काढून चेहरा नेटका करण्याच्या या कामाला व्यवसायात ‘टचिंग’ असे सुटसुटीत नाव आहे. पूर्वी ते पेन्सिलीने व कुंचल्याने होत असे; आता ते संगणकावर होते. त्यासाठी बाजारात ज्या नामांकित प्रणाली आहेत त्यांची वर्गणी लहान स्टुडिओला झेपणारी नसते. परिणामी अनेक ठिकाणी अनधिकृत प्रतींवर काम चालते. हे व्यवसायातील सर्वांना ठाऊक असते, त्याची वाच्यता मात्र होत नाही. वास्तविक या कामापुरती पूर्णपणे समर्थ अशी मुक्त प्रणाली गेली अनेक वर्षे उपलब्ध आहे. तिचे नाव ‘गिम्प’.

काचेवरची पेन्सिल

टचिंगची कला छायाचित्रणाएवढी नसली तरी जवळजवळ तेवढीच जुनी आहे. डागेर यांची छायाचित्रणाची पद्धत १८३९ साली जगापुढे आली. मुंबईत छायाचित्रणाची हौशी मंडळी इतकी वाढली की, १८५४ मध्ये येथे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. म्युनिकचे छायाचित्रकार फ्रान्झ हान्फश्टेंगल यांनी १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात टचिंग केलेल्या निगेटिव्हवरून छापलेले चित्र मांडले होते, अशी नोंद छायाचित्रणाच्या इतिहासग्रंथांत आढळते. त्यानंतर ही कला युरोपात व हिंदुस्थानातही झपाट्याने पसरली.

त्या काळची रीत समजून घेण्यासारखी आहे. निगेटिव्हच्या रासायनिक लेपाच्या बाजूवर राळ व टर्पेंटाइन यांचे हलके रोगण चोळून पृष्ठभागाला किंचित खरखरीतपणा आणला जाई. मग मागून उजेड येईल अशा उतरत्या मेजावर ती काच ठेवून, सँडपेपरवर सुईसारख्या टोकदार केलेल्या पेन्सिलीने बारीक ठिपके भरले जात. चेहऱ्यावरील सुरकुती किंवा काळा डाग निगेटिव्हवर पारदर्शक दिसतो. तेथे शिसे भरले की तेवढा प्रकाश अडतो आणि छापील प्रतीत तो भाग उजळतो. उलट एखादा भाग गडद करावयाचा असेल तर चाकूच्या टोकाने तेथील लेप हलकेच खरवडावा लागे. छापलेल्या कागदावर धुळीमुळे राहिलेले पांढरे ठिपके बारीक कुंचल्याने शाई लावून बुजवीत. आपल्याकडे तर कृष्णधवल फोटोवर रंग भरून त्याचे जवळजवळ तैलचित्र करण्याची वेगळीच परंपरा निर्माण झाली.

या पद्धतीत एक गुण होता. खरवडलेली काच पुन्हा पूर्ववत होत नसे. त्यामुळे कारागीर आधी विचार करी आणि मग हात लावी. संगणकावर चुकलेली कृती एका कळीसरशी मागे घेता येते; ही सोय मोठी आहे, पण हात सैल सुटतो तो याच सोयीमुळे.

‘मुक्त’ याचा अर्थ

गिम्पचा आरंभ १९९५ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत झाला. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ही प्रणाली लिहावयास घेतली आणि १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती लोकांसाठी खुली केली. तेव्हापासून जगभरचे स्वयंसेवक तिच्यात भर घालीत आले आहेत. मार्च २०२५ मध्ये तिची ३.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. लिनक्स, विंडोज व मॅक या तिन्ही प्रकारच्या संगणकांवर ती चालते.

येथे ‘मुक्त’ म्हणजे केवळ विनामूल्य नव्हे. ही प्रणाली वापरण्याचा, तिची रचना अभ्यासण्याचा, तिच्यात बदल करण्याचा आणि ती दुसऱ्यास देण्याचा अधिकार परवान्यानेच दिलेला आहे. एका स्टुडिओने ती दहा संगणकांवर बसविली किंवा शिकाऊ मुलाला घरी नेण्यास दिली तर त्यात गैर काहीही नाही. शिकण्याच्या दृष्टीने ही बाब फार महत्त्वाची आहे, कारण टचिंग हे वाचून येत नाही. रोज तास-दीड तास हात बसवावा लागतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने चालविलेल्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या उपक्रमात मुक्त प्रणालींचे दृक्‌श्राव्य पाठ तयार करण्यात आले असून त्यांत गिम्पचाही समावेश आहे.

प्रथम चांगली प्रत

नवशिक्याची पहिली चूक स्कॅनिंगच्या वेळीच होते. तो फोटो घाईने उतरवून घेतो आणि नंतर तासन्‌तास दुरुस्ती करीत बसतो. स्कॅनरची काच स्वच्छ पुसावी, फोटोवरील धूळ मऊ ब्रशने झटकावी. लहान फोटो दर इंचाला निदान ६०० ठिपके या प्रमाणात उतरवावा. पोस्टकार्डाएवढ्या प्रतीला ३०० पुरतात. स्कॅनर नसेल तर मोबाइलने फोटो घेता येतो. मात्र खिडकीचा पसरट उजेड असावा, फ्लॅश बंद ठेवावा आणि मोबाइल फोटोला समांतर धरावा. जुन्या ब्रोमाइडच्या गडद भागांवर चंदेरी झाक आलेली असते. ती उजेडात चमकते, म्हणून उजेडाची दिशा दोन-तीनदा बदलून पाहावी.

कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीत म्हणूनच स्कॅन करावा. याचे कारण असे की, संगणकावरील प्रत्येक रंगीत चित्र लाल, हिरव्या व निळ्या अशा तीन थरांचे बनलेले असते, आणि डाग तिन्ही थरांत सारखे उमटत नाहीत. पासबुकावरील जांभळ्या शिक्क्याची शाई निळा प्रकाश परावर्तित करते. त्यामुळे निळ्या थरात तो शिक्का पुष्कळ फिका दिसतो. चहाचा किंवा गळतीचा पिवळट डाग लाल थरात जवळजवळ नाहीसा होतो, निळ्यात मात्र अधिकच काळा दिसतो. गिम्पमधील ‘कलर्स’ या यादीतील ‘कंपोनंट्स’ आणि त्यातील ‘डिकंपोज’ ही आज्ञा दिली की तिन्ही थर वेगवेगळे समोर येतात. त्यांतील सर्वांत स्वच्छ थर निवडून त्यावर काम केले तर ज्या शिक्क्याने दोन तास खाल्ले असते तो दहा मिनिटांत निघतो.

रंगीत फोटोंची गोष्ट निराळी. सत्तरच्या व ऐंशीच्या दशकांतील अल्बममधील बहुतेक फोटो आज तांबूस झालेले दिसतात. त्या काळच्या कागदातील आकाशी रंगद्रव्य अल्बमच्या अंधारातही टिकत नसे. ते विरले की लाल प्रकाश शोषणारे काही उरत नाही आणि सगळा फोटो लालसर होतो. यावर ‘लेव्हल्स’ हे साधन उपयोगी पडते. त्यात चित्रातील उजेड-अंधाराचा आलेख डोंगरासारखा दिसतो. लाल थर निवडून, डोंगर जेथे सुरू होतो तेथपर्यंत डावीकडील काळा त्रिकोण सरकविला की सावल्यांतील तांबडेपणा निघून जातो. मग हिरव्या व निळ्या थरांचे तसेच करावे. हरवलेला रंग यामुळे सर्वस्वी परत येत नाही, पण चेहरा ओळखीचा होतो.

डाग कोणता, खूण कोणती

यानंतरचा टप्पा संगणकाचा नाही. एक कागद घेऊन त्या चेहऱ्यावर काय काय आहे याची यादी करावी. कागदाचे दोष, म्हणजे ओरखडे, बुरशी, घडीच्या रेघा, हे सर्व काढावयाचे. प्रकाशाचे दोष, उदाहरणार्थ फ्लॅशमुळे कपाळावर आलेली चकाकी किंवा डोळ्यांखाली पडलेली अवाजवी काळी सावली, हे सौम्य करावयाचे. त्या दिवसापुरते आलेले दोष, जसे पुटकुळी, घाम, दाढी करताना झालेला काप, हे काढण्यास हरकत नसते. आणि ज्या गोष्टी त्या माणसाबरोबर जन्मभर होत्या त्यांना घरच्यांना विचारल्याविना हात लावू नये.

या शेवटच्या वर्गात तीळ, जुन्या जखमेचा व्रण, सुरकुत्या हे तर येतातच. पण आपल्याकडील जुन्या पिढीच्या चेहऱ्यांवर आणखी दोन गोष्टी असतात. भारत १९७७ साली देवीमुक्त घोषित झाला. त्यापूर्वी जन्मलेल्या अनेकांच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण आढळतात. ग्रामीण भागातील वृद्ध स्त्रियांच्या कपाळावर व हनुवटीवर हिरवट गोंदण असते. संगणकाच्या दृष्टीने देवीचा व्रण म्हणजे त्वचेचा दोष आणि गोंदण म्हणजे डाग. स्वयंचलित साधनाने चेहरा ‘साफ’ केला की दोन्ही एकदम पुसले जातात. घरच्यांना मात्र तीच खूण हवी असते. आईच्या हनुवटीवरचे गोंदण कुठे गेले, असा प्रश्न मुलीने काउंटरवर विचारल्यावर कारागिराजवळ उत्तर नसते.

दुरुस्तीची साधने

काम सुरू करण्यापूर्वी मूळ चित्राच्या थराची दुसरी प्रत करून घ्यावी आणि मूळ थर खाली तसाच राहू द्यावा. गिम्पमध्ये चित्र एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे हाताळता येते. त्यांना ‘लेअर’ म्हणतात. वरच्या कागदावर कितीही चुका झाल्या तरी खालचा चेहरा सुरक्षित राहतो.

डाग काढण्याचे मुख्य साधन ‘हील’ हे होय. चिकटपट्टीच्या चित्राने ते ओळखू येते. कंट्रोल कळ दाबून जवळच्याच निरोगी त्वचेवर एकदा टिचकी द्यावी आणि मग डागावर कुंचला टेकवावा. हे साधन निवडलेल्या जागेचा पोत घेते, पण रंग व उजेड डागाच्या भोवतालच्या भागाशी जुळवून घेते. म्हणून ठिगळ दिसत नाही. कुंचल्याचा आकार डागापेक्षा किंचितच मोठा असावा. गालाच्या डागासाठी गालाचीच त्वचा घ्यावी, कपाळाची घेऊ नये. दोन्हींचा पोत वेगळा असतो. लांब रेघ एका फटकाऱ्यात न बुजविता तुकड्यातुकड्याने बुजवावी.

केस, पदराचा काठ, मिशीची कड अशा ठिकाणी हेच साधन फसते. तेथे उजळ व गडद भाग शेजारी असल्याने हील दोन्हींचे मिश्रण करून एक मळकट धब्बा निर्माण करते. अशा ठिकाणी ‘क्लोन’ वापरावे. ते जसेच्या तसे उतरविते. नवशिक्या बहुधा एकाच साधनाने सर्व चेहरा उरकतो. कोणत्या रेषेपर्यंत हील आणि कोणत्या रेषेपासून क्लोन हे ज्याच्या हाताला कळले, तो निम्मे काम शिकला.

आणखी एक सवय आवश्यक आहे. चित्र दुपटीने मोठे करून काम करावे लागते, पण दर पाच-दहा मिनिटांनी ते पूर्ण चेहरा दिसेल इतके लहान करून, खुर्ची थोडी मागे घेऊन पाहावे. जवळून जो डाग असह्य वाटतो, तो पूर्ण चेहऱ्यात अनेकदा दिसतही नाही.

त्वचेचा पोत आणि वर्ण

हल्ली पुष्कळ तसबिरींतील चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे गुळगुळीत दिसतात. संपूर्ण त्वचेवर धूसरपणा पसरविणे ही सर्वांत सोपी युक्ती असल्याने तसे होते. धूसरपणात सुरकुती जाते तशी त्वचेची रंध्रेही जातात आणि हाडांवरची उजेड-सावली सपाट होते.

गिम्पमध्ये यावर अधिक विवेकी उपाय आहे. ‘वेव्हलेट डिकंपोज’ या साधनाने एकाच चित्राचे तपशिलाच्या बारीकपणानुसार थर पडतात. नेहमीच्या मांडणीत असे पाच थर आणि एक उरलेला तळथर मिळतो. सर्वांत बारीक थरांत रंध्रे व केस असतात, मधल्या थरांत त्वचेवरील चट्टे व अवाजवी ठळक सावल्या, आणि तळथरात चेहऱ्याचा एकंदर रंग व उजेड. चट्टे सौम्य करावयाचे असतील तर फक्त मधल्या थरांत तेवढाच भाग निवडून तो किंचित धूसर करावा. बारीक थर अबाधित राहिल्याने त्वचा त्वचेसारखीच दिसते. काम झाल्यावर संपूर्ण दुरुस्तीची तीव्रता साठ-सत्तर टक्क्यांवर आणून पाहावी. जवळजवळ प्रत्येक वेळी तेच चित्र अधिक खरे वाटते.

डोळे व चेहऱ्याचा उठाव यांसाठी ‘डॉज’ व ‘बर्न’ ही साधने आहेत. ही नावे थेट डार्करूममधून आली आहेत. छपाईच्या वेळी पुठ्ठ्याने प्रकाश अडविला की तो भाग उजळ येई, अधिक प्रकाश दिला की गडद. येथेही तेच करावयाचे, पण अगदी अल्प मात्रेत. बुबुळातील उजेडाचा लहानसा ठिपका राखावा. तो पुसला गेला की नजर विझते. डोळ्यांचा पांढरा भाग कागदासारखा पांढरा कोणाचाही नसतो.

वर्णाचा प्रश्न अवघड आहे, कारण तो बहुधा गिऱ्हाइकाकडूनच येतो. ‘थोडा उजळ करा’ ही मागणी स्टुडिओला नवी नाही. लग्नासाठी पाठवावयाच्या फोटोंत तर ती हमखास असते. उन्हात काढलेल्या फोटोत चेहरा अकारण काळवंडला असेल तर उजेड वाढविणे ही दुरुस्तीच होय. पण सावळ्या माणसाचा वर्णच बदलून त्याला गोरा करणे हे टचिंग नव्हे, ती दिशाभूल आहे. लग्नाच्या फोटोत तर ती उघडी पडण्यास पहिली भेट पुरते. अशा वेळी अनुभवी कारागीर नकार देत बसत नाही. तो एक प्रत नुसता उजेड सुधारून आणि दुसरी मागणीप्रमाणे वर्ण बदलून पडद्यावर शेजारी शेजारी ठेवतो आणि यांतला आपला माणूस कोणता, एवढेच विचारतो. निवड बहुतेक वेळा पहिल्या प्रतीची होते.

यंत्राने बांधलेला अंदाज

समूहचित्रातून एक चेहरा वेगळा काढावयाचा झाल्यास हिशेब आधी मांडावा. मूळ फोटोत चेहरा आठ मिलिमीटर उंचीचा असेल आणि तो दर इंचाला १२०० ठिपके घेऊन स्कॅन केला, तर उभ्या दिशेत सुमारे ३७८ पिक्सेल मिळतात. तोच चेहरा बारा सेंटिमीटर उंच छापला तर दर इंचाला अवघे ८० पिक्सेल येतात आणि चेहरा फुटतो. पाच सेंटिमीटरपर्यंत ठेवला तर सुमारे १९० येतात व चित्र बरे दिसते. म्हणजे मोठ्या चौकटीचा आग्रह सोडून लहान तसबीर करणे, हाच खरा उपाय.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेल्या सुविधा असा धूसर चेहरा क्षणार्धात रेखीव करून देतात. तो रेखीवपणा मूळ फोटोतून आलेला नसतो. लाखो चेहऱ्यांवरून यंत्राने बांधलेला तो अंदाज असतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी तयार केलेल्या अशाच एका प्रणालीस २०२० साली बराक ओबामा यांचे अत्यंत अस्पष्ट चित्र देण्यात आले, तेव्हा तिने एका गोऱ्या माणसाचा चेहरा बनवून दिला. ओबामा जगाला माहीत असल्याने ती चूक लगेच पकडली गेली. खेड्यातील एखाद्या आजोबांच्या बाबतीत ती पकडणारे एक-दोनच लोक हयात असतात. यास्तव अशी सुविधा वापरलीच, तर निकाल घरातील ज्येष्ठांना दाखविल्याशिवाय छापू नये, आणि मूळ धूसर प्रतही त्यांच्या हाती द्यावी.

ओळखपत्रासाठीच्या फोटोंना यांतले काहीही लागू नाही. पारपत्राच्या फोटोत संगणकाने केलेला फेरफार चालत नाही, कारण तेथे चेहरा यंत्राने पडताळला जातो. ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या फोटोला दर इंचाला ३०० या हिशेबाने ४१३ बाय ५३१ पिक्सेल लागतात. तेवढे कापून, उजेड आधीच नीट योजून फोटो काढावा. तीळ-पुटकुळीसह जसा आहे तसा द्यावा.

छपाई आणि जतन

गिम्पमध्ये ‘सेव्ह’ केल्यास चित्र एक्ससीएफ या तिच्या स्वतःच्या स्वरूपात, सर्व थरांसह राहते. छपाईसाठी ‘एक्स्पोर्ट’ करून जेपेग प्रत काढावी लागते. थरांची प्रत ठेवण्याचा कंटाळा करू नये. दहा-बारा दिवसांनी घरातील कोणी थोरली आत्या परगावाहून येते, तसबीर पाहते आणि उजव्या भुवईवरचा व्रण राहिला, असे सांगते. थर शाबूत असतील तर तो व्रण मूळ थरातून दोन मिनिटांत परत आणता येतो.

दहा बाय आठ इंचाच्या प्रतीसाठी ३००० बाय २४०० पिक्सेल असावेत. पडद्यावर चेहरा नेहमी उजळ दिसतो, कागदावर तो गडद येतो; म्हणून प्रथम लहान नमुनाप्रत काढून ती दिवसाच्या उजेडात पाहावी. गिऱ्हाइकाला तसबीर देताना त्याने आणलेला जुना फोटो पाकिटात घालून, त्यावर व्यक्तीचे नाव व फोटोचे साल पेन्सिलीने लिहून परत करावा. फोटोच्या मागे शाईने किंवा बॉलपेनने लिहू नये. दाब पुढच्या बाजूस, चेहऱ्यावरच उमटतो.